पहिला तुकडा तुमचा

३ मार्च, रविवार

वन्सं,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र फाडून टाकणार होतात. तरी उघडलंत. म्हणजे माझी थोडीफार भीती अजून शिल्लक आहे. बरं वाटलं.

शाळेच्या पत्त्यावर मुद्दाम पाठवलंय. घरी पाठवलं असतं तर गुंडीच्या हातात पडलं असतं, आणि विषय तिचाच आहे.

तुमची लेक काल माझ्याकडे आली होती. मी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात पातेली घासून पालथी घालत होते, तर मागच्या दारात कोणीतरी उंचशी बाई उभी. ओळखलंच नाही. लहानपणी गोलमटोल म्हणून मीच तिला गुंडी म्हणायला लागले होते, आता तिला वाकून दारातून यावं लागतं. कांद्याच्या क्रेटवर बसली आणि सरळ मुद्द्यावर आली. या महिन्याच्या शेवटी शाळेचं वसंतातलं चहापान आहे, त्यातच तुमचा निरोप समारंभ आहे, आणि त्या दिवशी तिला माझा संत्र्या-लिंबाचा लांबट केक टेबलावर हवाय. विकतचा नको, तिच्या हातचा. मी तिला शिकवावं. आणि तुम्हाला यातलं काही कळता कामा नये, कारण तिला तुम्हाला चकित करायचंय.

म्हणूनच कळवतेय. तुम्ही चकित होऊ नये अशी माझी इच्छा आहे. तुम्ही वाट बघावी. रोज सकाळी उठून दात घासताना तुमच्या लक्षात यावं, की तुमची मुलगी आज वहिनीकडे जाणार आहे आणि आपण तिला अडवू शकत नाही. कारण अडवलंत तर ती विचारेल, का?

मी नाहीच म्हणणार होते. तोंडातून "नाही" निघालंही होतं. तेवढ्यात ती उठली, माझे ओले हात हातात घेतले आणि म्हणाली, "मामी, तेव्हाचं मी कधीच मनात ठेवलं नाही. चूक कोणाच्याही हातून होते. मी तुला केव्हाच माफ केलंय."

वन्सं, हे वाक्य तुम्ही दोनदा वाचा.

मला माफ केलंय. तुमच्या पोरीने. मला.

बेकरी गेली तेव्हा मी रडले नव्हते. भट्टी भंगारात दिली, दुकानावरची पाटी तुमच्या भावाने उतरवली, तेव्हाही नाही. काल ती गेल्यावर मी कांद्यांमध्ये बसून रडले, आणि मग डोळे पुसून तिला फोन केला. म्हटलं, ये. शिकवते.

तुमच्या भावाची बायको


११ मार्च, सोमवार

वन्सं,

तुमचं उत्तर नाही. हरकत नाही. ज्याच्या घरात काचा असतात तो दगड मारत नाही, हे तुम्हाला जरा उशिरा का होईना सुचलं.

तुम्हाला प्रगती कळवायची, नाहीतर तुम्ही उगाच काळजी करत बसाल.

पहिला धडा शनिवारी आमच्या घरी झाला. तुमचा भाऊ पुढच्या खोलीत घड्याळं उघडून बसला होता. भाची आलेली बघून त्याने डोळ्याला लावलेलं भिंग काढलं, तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि परत भिंग लावलं. त्याची एवढीच तऱ्हा, तुम्हाला माहीत आहे. त्या वेळीसुद्धा तो एवढंच म्हणाला होता, "जाऊ दे, ताई आहे ती." आणि भिंग लावलं होतं.

गुंडीने संत्री आणली होती. हंगाम संपत आलाय, साली जरा जाड झाल्यात, पण वास अजून आहे. तिला किसणी दिली आणि मी काही बोलले नाही. ती जोर लावून किसत सुटली. केशरी संपलं, पांढरं लागलं, तरी किसतेय. मी बघत राहिले. केक फुगला झकास, वरती मधोमध हवी तशी भेग पडली, घरभर घमघमाट. तिने पहिला घास घेतला आणि तिचं तोंड कडू झालं. तेव्हा तिला सांगितलं, की चव फक्त वरच्या केशरीत असते, त्याच्या खाली गेलं की कडूपणा. फार खोल जाऊ नये. एवढं म्हणून माझं मलाच हसू आलं. मला कोण सांगणार?

पोरगी गुणी आहे हो. चिडली नाही. त्या कडू केकचे तुकडे करून चहात बुडवून खाल्ले, मामालाही खायला लावले. बोलता बोलता म्हणाली, आई हल्ली रात्री झोपत नाही, खोलीत फेऱ्या मारते. मला विचारलं, काय झालं असेल गं? मी म्हटलं, निवृत्ती जवळ आली की होतं असं. माणसाला मागचं सगळं आठवायला लागतं.

काय हवं ते म्हणा, मी खोटं बोलले नाही.

शनिवारी परत येणार आहे. मध्ये बुधवारीही येते म्हणाली.

तुमच्या भावाची बायको


१९ मार्च, मंगळवार

वन्सं,

तुमची चिठ्ठी मिळाली. मुख्याध्यापिकेच्या छापील कागदावर एकच ओळ. "तुला काय हवंय ते एकदा सांगून टाक." सही करायलाही विसरला नाहीत. मला वाटलं, खाली शिक्काही मारलाय की काय.

सांगते. पण आधी त्या दिवशी काय झालं ते लिहिते, कारण इतकी वर्षं तुम्ही ते वेगळंच सांगत आलात आणि माझा अंदाज आहे की आता तुम्हालाही तेच खरं वाटायला लागलंय.

असंच चहापान होतं. केक माझे होते, दुपारी मी स्वतः ते सभागृहात मांडून तुमच्याकडे किल्ली द्यायला आले. तुमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत तुम्ही केलेल्या पुडिंगचं मोठं काचेचं भांडं होतं. अंडी, दूध, साय. उन्हात. मी म्हटलं, वन्सं, हे सकाळपासून बाहेर आहे का? तुम्ही म्हणालात, आदल्या रात्रीच केलंय, फ्रिजमध्ये जागा नव्हती, चव घेऊन बघितली, चांगलं आहे. मी म्हटलं, नका नेऊ. तुम्ही हसून म्हणालात, "तुझ्या केकपुढे माझं पुडिंग कोणी खाणार नाही याची भीती वाटते का गं?" मी गप्प बसले. धाकट्या भावाच्या बायकोने गप्पच बसायचं असतं.

संध्याकाळी माणसं ओकायला लागली. संगीताच्या बाईंनी केकचे तीन तुकडे खाल्ले होते आणि पुडिंगला शिवल्या नव्हत्या. त्या ठणठणीत होत्या. गुंडीने पुडिंग दोनदा घेतलं होतं, आईने केलं म्हणून. पोर दवाखान्यात निपचित पडली होती, हाताला सुई, ओठ पांढरे. मी धावत आले तर तुम्ही तिथल्या बाकावर शिक्षकांच्या घोळक्यात बसला होतात, आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "केक वहिनीच्या बेकरीतला होता. आता काय बोलणार? घरचीच आहे ती."

काय वाक्य होतं, वन्सं. दोष माझ्यावर आणि मोठेपणा तुमच्याकडे. मी तिथेच तोंड उघडलं असतं. पण आत पोर होती, आणि तिच्या उशाशी भांडायला मला लाज वाटली. सकाळी घरी येऊन तुमच्या भावाला सांगितलं. त्याने काय केलं ते मागच्या पत्रात लिहिलंच आहे.

तपासणीला माणसं आली, त्यांनी माझा मैदा बघितला, अंडी बघितली, भट्टी बघितली, काही सापडलं नाही. पण काही सापडलं नाही ही बातमी कोणी कोणाला जाऊन सांगत नाही. गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून पलीकडून जायला लागली. मी दारात उभी असले की खाली बघायची. थोड्याच दिवसांत मी दारात उभं राहणं सोडलं.

आता मला काय हवंय ते. तीच माणसं असतील, तेच सभागृह. केक टेबलावर येईल. तो कापायच्या आधी तुम्ही उभं राहून सांगायचं, की त्या दिवशी माणसं कशाने आजारी पडली. मग पहिला तुकडा तुम्ही खायचा, सगळ्यांच्या देखत. तुम्ही नाही बोललात तर मी बोलेन. मला भाषणं करता येत नाहीत, पण हे मी इतकी वर्षं भांडी घासताना पाठ केलंय.

गुंडीला मी काहीही सांगितलेलं नाही. तिलाही तिथेच कळेल.

तुमच्या भावाची बायको


२४ मार्च, रविवार

वन्सं,

जमला. काल जमला.

तिने साखरेत सालीचा कीस घालून बोटांनी चोळला, ओल्या वाळूसारखा होईपर्यंत. दही, तेल, अंडी. मैदा दोनदा चाळला. केक गरम असतानाच वरून सुईने टोचून लिंबाचा पाक ओतला आणि मी सांगायच्या आधीच पळीने कडेकडेने फिरवला, म्हणजे साच्याच्या कोपऱ्यातही उतरतो. ते मी कोणाला दाखवलं नव्हतं. तिने मला एकदा करताना बघितलं असणार.

कापल्यावर तुमचा भाऊ पुढच्या खोलीतून आला, उभ्या उभ्या खाल्ला, आणि म्हणाला, "बेकरीतला वास आला." मग म्हणाला, "तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतंय. नको करूस. पोरीसाठी." मी म्हटलं, तेव्हा तुम्ही माझ्यासाठी बोलला असतात तर आज तुमचं ऐकलं असतं.

गुंडी जाताना माझ्या गळ्यात पडली. मला सांगायचं होतं. जिभेवर आलं होतं, अगदी दातांपर्यंत. पण मग सभागृहात सांगायला काय उरलं असतं?

शुक्रवारी भेटूच. नीट जेवत जा. गुंडी म्हणाली तुम्ही वाळलात.

तुमच्या भावाची बायको


३० मार्च, शनिवार

वन्सं,

जिंकलात.

तुम्ही मंचावर होतात, तिथून तुम्हाला सगळं दिसलं नसेल. मागून कसं दिसलं ते सांगते.

मी चहाच्या टेबलापाशी उभी होते, हातात लांब सुरी, समोर केकच्या तीन लाद्या, वर संत्र्याच्या पातळ चकत्या. नवी साडी नेसले होते. तुम्हाला वाटेल समारंभाला आले म्हणून. छे. लोकांनी मला नीट बघावं म्हणून. तोंडात माझं पहिलं वाक्य तयार होतं. तुम्ही बोलाल असं मी धरलंच नव्हतं, हे आता कबूल करते. तुमच्यासारखी माणसं बोलत नसतात. मला खात्री होती की तुम्ही आभार मानाल, शाळेच्या इमारतीबद्दल बोलाल, बसाल, आणि मग माझी पाळी.

तुम्ही इमारतीबद्दल बोललात. आभार मानलेत. आणि मग चष्मा काढून म्हणालात, "एक खोटं बोलून मी या खुर्चीवर बसून राहिले, ते सांगून उतरते. त्या वर्षी तुम्ही सगळे आजारी पडलात ते माझ्या पुडिंगने. वहिनीने मला आधीच नेऊ नका म्हणून सांगितलं होतं. माझी स्वतःची मुलगी दवाखान्यात होती आणि ते माझ्या हातून झालंय, हे मला कोणाला सांगवेना. मला स्वतःलाही सांगवेना. म्हणून मी तिचं नाव घेतलं."

सभागृहात पंख्यांचा आवाज तेवढा येत होता. मला वाटलं, आता. आता उठतील, आता कुजबुज होईल, आता कोणीतरी तुमच्याकडे तसं बघेल, जसं माझ्याकडे बघायचे.

आणि चित्रकलेच्या मास्तरांनी टाळी वाजवली. मग दुसऱ्याने. मग सगळं सभागृह. संगीताच्या बाई डोळे पुसत होत्या. माझ्या शेजारी उभी असलेली ग्रंथपाल मला म्हणाली, "केवढं मोठं मन लागतं हो असं बोलायला." मला म्हणाली! माझ्या हातात सुरी होती म्हणून तिने जरा अंतर ठेवलं असेल, पण म्हणाली.

तुम्ही खाली उतरलात, टेबलापाशी आलात, मी तुकडा कापून दिला आणि तुम्ही सगळ्यांच्या देखत खाल्लात. ठरल्याप्रमाणे. फोटोही निघाला. मग माणसं रांगेने केक खायला आली आणि प्रत्येकाने मला विचारलं, ऑर्डर घेता का? ज्यांच्यामुळे माझं दुकान बसलं त्यांना दुकान कुठे होतं तेही आठवत नव्हतं. एकाने विचारलं, पूर्वी तुमची पण बेकरी होती ना, का बंद केलीत?

माझ्या वाट्याचं बोलणं माझ्या तोंडातच राहिलं. माझं नाव तुम्हीच घालवलंत, परतही तुम्हीच दिलंत, आणि दोन्ही वेळा वाहवा तुमचीच.

मी सुरी ठेवली आणि निघाले. बस थांब्यापर्यंत पोचले तर मागून गुंडी धावत आली. तिने टाळ्या वाजवल्या नव्हत्या, एवढं मी बघितलं होतं. धापा टाकत माझ्यासमोर उभी राहिली.

"मामी, मी तुला माफ केलं होतं."

"हो."

"कशासाठी केलं होतं गं?"

ती हसायला लागली आणि हसता हसता थांब्याच्या बाकावर बसली. मग म्हणाली, "महिनाभर मी तुझ्या घरी येतेय. साल किसतेय, मैदा चाळतेय. आपण दोघीच असायचो. तू एकदा मला सांगितलं असतंस तर मी तिथेच तुझे पाय धरले असते. का नाही सांगितलंस?"

बस आली. तिने मला बसवून दिलं. स्वतः नाही चढली.

खिडकीतून बघितलं तर ती शाळेच्या दिशेने चालत नव्हती. घराच्या दिशेनेही नाही.

तिला उत्तर दिलं नाही, तुम्हाला देते, कारण तुम्ही समजू शकाल. मला ती एकटी नको होती ऐकायला. मला सभागृह हवं होतं. तिच्या तोंडाकडे बघणारे तुमचे डोळे मला बघायचे होते. ते मी बघितले, वन्सं. तुम्ही बोलत होतात तेव्हा सगळे तुमच्याकडे बघत होते आणि तुम्ही फक्त तिच्याकडे. तेवढं मला मिळालं. बाकी टाळ्या तुम्हाला.

तुमच्या भावाची बायको


९ एप्रिल, मंगळवार

वन्सं,

काल तुम्ही वसतिगृहाच्या मागच्या दाराशी येऊन उभ्या राहिलात. मी तुम्हाला आत बोलावलं नाही. क्रेट होतं, त्यावर बसाही म्हटलं नाही. मुली जेवून जात होत्या, त्यांनी तुम्हाला भाजीवाली समजून वाट मागितली, आणि तुम्ही बाजूला सरकलात. मला वाटलं होतं, असं काही बघून माझं पोट भरेल.

तुम्ही माफी मागितलीत. मी म्हटलं, ती सभागृहात मागून झाली, आता टाळ्या वाजवायला इथे कोणी नाही. मग तुम्ही ज्यासाठी आला होतात ते विचारलंत. गुंडी कुठे आहे? त्या दिवसापासून घरी आलेली नाही, कामावरून रजा घेतलीय, फोन उचलत नाही. तुझ्याकडे आहे का? मी म्हटलं, नाही. तुला माहीत आहे का? मी म्हटलं, नाही. तुम्ही माझ्याकडे बघत राहिलात. खोटं ओळखण्याची तुम्हाला सवय असणार. पण तुम्ही "बरं" म्हणालात आणि गेलात. एक पाय ओढत गेलात. गुडघ्याचं परत सुरू झालेलं दिसतंय.

मला माहीत होतं.

तिने दुसऱ्याच दिवशी मामाला फोन करून पत्ता दिला होता. माझ्याशी बोलायचं नाही म्हणाली. तुमच्याशीही नाही. पण मामाला म्हणाली, आईने विचारलं तर द्या. न विचारता देऊ नका. तुमच्या भावाने तो पत्ता कागदावर लिहून माझ्यासमोर ठेवला आणि भिंग न लावता माझ्याकडे बघत म्हणाला, "हे आता तू बघ. मी एकदा गप्प बसून चुकलो, या वेळी मला मध्ये घेऊ नकोस." त्यानेही नेमका हाच दिवस निवडला शहाणपणा सुचायला.

म्हणजे तुम्ही काल विचारलंत तेव्हा कागद माझ्या पदराला बांधलेला होता. तुम्ही दारातून गेल्यावर मी पातेली घासायला घेतली. मनाशी म्हटलं, भोगू दे. रस्त्याने जाताना प्रत्येक उंच मुलीकडे बघू दे. दार वाजलं की उठू दे. मला माणसं टाळायची, हिला हिचीच पोर टाळते आहे, आता कळू दे. मन भरून म्हटलं. आणि रात्री पानावर बसले तर तुमचा भाऊ म्हणाला, ताईने आज काही खाल्लं नसेल. मला घास गेला नाही. राग आला, वन्सं, तुमचा. माझ्या ताटावरही तुम्ही येऊन बसलात.

माफ केलेलं नाही. करेन असंही वाटत नाही. मी न केलेल्या गुन्ह्याची माफी पोरीने मला इतकी सहज दिली होती. मला तुम्ही केलेल्या गुन्ह्याचीही देता येत नाही. ज्याचा त्याचा स्वभाव. तुम्ही माझ्या दारात परत आलात तरी मी बसा म्हणणार नाही.

पण पत्ता तुमचा आहे. विचारलात, म्हणजे तुमचा झाला. एक दिवस मी तो दाबून ठेवला. एवढाच सूड मला शेवटी जमला, आणि त्यातही माझीच झोप गेली.

रेल्वेच्या गोदामामागे छपाईवाल्यांची गल्ली आहे. तिथे सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली, दार हिरवं. संध्याकाळी ती घरी असते. तोंड उघडल्या उघडल्या स्पष्टीकरण देऊ नका, तिचं आधी ऐकून घ्या. ती खूप बोलेल. माझ्याबद्दलही बोलेल. तिथे माझी बाजू घेऊ नका, तुमच्या तोंडून ती मला चालायची नाही.

जिना उभा आहे आणि कठडा हलतो. भिंतीच्या बाजूने चढा.

वहिनी